'जर्मन आदर्शवाद' की 'जर्मन चिद्वाद'?

प्रश्न : एका लेखात 'जर्मन आदर्शवाद' असा उल्लेख आहे. कांट, फिख्टे, शेलिंग, हेगेल ही जर्मन तत्त्वज्ञ मंडळी ध्येयवादी होती, असा अर्थ घ्यायचा का?

उत्तर : नाही. 'आदर्श' म्हटलं की आपल्याला आदर्श शिक्षक, आदर्श गाव आठवतं. जर्मनमध्ये 'इडे' म्हणजे कल्पना, 'इडेआल' म्हणजे आदर्श, आणि 'इडेआलिस्मुस' या एकाच शब्दात दोन्ही अर्थ मावतात. इथला वाद आदर्शांचा नाही. आपल्याला कळणारं जग जाणिवेनं कितपत घडवलेलं असतं, हा आहे. म्हणून मी 'चिद्वाद'च ('चित्' म्हणजे जाणीव) लिहितो. हिंदीतला 'प्रत्ययवाद'ही चांगला आहे. 'विज्ञानवाद' मात्र नको: ते बौद्ध योगाचार पंथाचं नाव, शिवाय आज 'विज्ञान' म्हणजे सायन्स.

पण चिद्वाद म्हणजे 'सगळं मनातच आहे' असंही समजू नये. कांटचा मुख्य ग्रंथ, 'शुद्ध बुद्धीची चिकित्सा', १७८१ साली आला आणि पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या एका परीक्षणानं त्याला बर्कलीच्या, म्हणजे मनाबाहेर जड वस्तू नाहीतच म्हणणाऱ्या तत्त्वज्ञाच्या, पंक्तीला बसवलं. कांटला ते फार लागलं. १७८७ च्या आवृत्तीत त्यानं बाहेरच्या वस्तूंवर शंका घेणाऱ्या चिद्वादाच्या खंडनाचं वेगळं प्रकरणच घातलं! स्थळ, काळ, कार्यकारणभाव ही आपल्या मनाची देणगी. वस्तू मात्र आहेतच, फक्त त्या मुळात कशा आहेत हे आपल्याला कळू शकत नाही, असं त्याचं म्हणणं.

याकोबी या त्याच्या समकालीन टीकाकारानं त्याच वर्षी नेमकं इथेच बोट ठेवलं. या मुळातल्या वस्तूशिवाय कांटच्या दर्शनात शिरता येत नाही आणि तिला धरून तिथे राहता येत नाही. कार्यकारणभाव जर दिसणाऱ्या जगापुरताच, तर ती वस्तू आपल्या इंद्रियांवर परिणाम कसा करते? मला हा आक्षेप आजही बिनतोड वाटतो.

फिख्टेनं ती वस्तूच काढून टाकली आणि 'इश्'पासून सुरुवात केली. याचं भाषांतर 'अहं' करू नये, मराठीत त्याला गर्वाचा वास येतो. साधा 'मी' पुरे. निसर्ग म्हणजे या 'मी'पुढची नुसती अडचण नव्हे, हा शेलिंगचा मुद्दाही मग सरळ कळतो.

प्रश्न : आणि हेगेलचा 'गाइस्ट'? आत्मा?

उत्तर : 'आत्मा' म्हटलं की वाचक थेट उपनिषदांत पोचतो. हेगेलचा गाइस्ट कायद्यात, कलेत, धर्मात, राज्यसंस्थेत, म्हणजे माणसांच्या एकत्र जगण्यात आकार घेतो. मी 'चैतन्य' लिहितो आणि पहिल्यांदा येईल तिथे 'गाइस्ट'ही देतो.