वांगुनूचा महाकाय उंदीर: बेटावर कृंतक मोठे का होतात आणि धोक्यात का येतात?

अरण्यवाचक: पॅसिफिक महासागरातील सॉलोमन बेटांपैकी वांगुनू येथील ‘युरोमिस व्हिका’ या उंदराविषयी सध्या वाचत आहे. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत तो सुमारे 46 सेंटीमीटर भरतो आणि त्याचे वजन एक किलोपर्यंत असावे असा अंदाज आहे. आपल्याकडची मोठी घूसही जवळपास तेवढीच असते. मग घूस शहरांतही सुखाने वाढत असताना हा उंदीर अतिसंकटग्रस्त का? शिवाय, बेटांवर कृंतक (उंदरासारखे कुरतडणारे प्राणी) मोठे होतात ते नेमके कशामुळे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

डोंगरवाट: आकाराबद्दलचे नेहमीचे स्पष्टीकरण असे, की बेटावर शिकारी प्राणी आणि स्पर्धक कमी असल्यामुळे लहान प्राण्यांना पिढ्यान्‌पिढ्या मोठे होण्यास वाव मिळतो. तिमोर बेटावर ‘कोरिफोमिस’ हे कित्येक किलो वजनाचे उंदीर एके काळी होते. ते आता नामशेष झाले आहेत. फ्लोरेस बेटावरचा महाकाय उंदीर मात्र आजही आहे. तरीही व्हिकाला हा नियम सरसकट लावू नये, असे माझे मत आहे. युरोमिस प्रजातीतले मोठे उंदीर न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलियातही आहेत, त्यामुळे त्याच्या पूर्वजांचा आकार आधीपासूनच मोठा असण्याची शक्यता विचारात घ्यावी लागते.

सह्यमित्र: घुशीशी केलेली तुलना आकारापुरतीच ठीक आहे. घूस जमिनीत बिळे करते, शेते, गटारे, धान्याची कोठारे यांच्याशी जुळवून घेते. व्हिका मात्र उंच, जुन्या झाडांवर राहतो आणि कठीण कवचाची फळे दातांनी पोखरतो. त्याची ओळख पटली तीही वृक्षतोडीमुळेच: 2015 मध्ये वांगुनूवरील झायरा येथे तोडलेल्या झाडासोबत एक जखमी उंदीर खाली आला आणि पुढे मरण पावला. त्याच नमुन्यावरून संशोधक टायरोन लॅव्हरी आणि हिकुना जज यांनी 2017 मध्ये या जातीचे वर्णन केले. स्थानिक लोकांना तो आधीपासूनच ठाऊक होता, हे आवर्जून सांगायला हवे. जातीचे नावही त्यांच्याच शब्दावरून आले आहे. पुढे गावकऱ्यांच्या मदतीने, तिळाच्या तेलाचे आमिष ठेवून, स्वयंचलित कॅमेऱ्यांनी जिवंत व्हिकाची 95 छायाचित्रे टिपली. ती 2023 मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्यांत चार वेगवेगळे प्राणी ओळखता आले.

अरण्यवाचक: म्हणजे अधिवासाचा नाश हेच मुख्य कारण समजावे का?

सह्यमित्र: व्हिकाच्या बाबतीत होय, कारण तोडीनंतर तिथे नवी झाडे उगवली तरी ढोल्या असलेले प्रचंड वृक्ष काही दशकांत तयार होत नाहीत.

डोंगरवाट: इतरत्र मात्र जंगल उभे असतानाही उंदीर संपले आहेत. जावाच्या दक्षिणेकडील ख्रिसमस बेटावर 1899 च्या सुमारास जहाजातून काळे उंदीर आले आणि 1903 नंतर तिथला मॅक्लीअरचा उंदीर कोणाला दिसला नाही. संग्रहालयांतील जुन्या नमुन्यांच्या डीएनए अभ्यासात, परके उंदीर आल्यानंतरच्या काही नमुन्यांत ट्रिपॅनोसोम हा रक्तातील परजीवी आढळला, आधीच्या नमुन्यांत तो नव्हता. एकाकी बेटावर वाढलेल्या प्राण्यांमध्ये नव्या रोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती अनेकदा नसते. म्हणूनच वांगुनूवर वृक्षतोड थांबवण्याइतकेच परक्या उंदरांवर आणि मांजरांवर लक्ष ठेवणे मला आवश्यक वाटते. झायराच्या लोकांनी आपले जंगल राखण्यासाठी वर्षानुवर्षे प्रयत्न केले आहेत, आणि व्हिकाच्या संवर्धनाची कोणतीही योजना त्यांच्या संमतीने व सहभागानेच आखली गेली पाहिजे.