'कम्युनिटी एंगेजमेंट'ला मराठीत काय म्हणावं?

धागाकर्ती: एका विद्यापीठाच्या वार्षिक अहवालाचं मराठी करते आहे. 'कम्युनिटी एंगेजमेंट' पानोपानी येतं. कुठे 'समुदाय सहभाग', कुठे 'सामुदायिक सहभाग' असं वापरलेलं दिसतं. पण 'विद्यापीठ समुदाय सहभागासाठी कटिबद्ध आहे' या वाक्यात कोण कोणात सहभागी होतंय? बरा शब्द सुचवा.

निवृत्त मास्तर: जुना, रुळलेला शब्द 'विस्तार'. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) १९७७ साली अध्यापन आणि संशोधनाच्या जोडीने विस्तार ही विद्यापीठांची तिसरी जबाबदारी ठरवली. मुंबई विद्यापीठात 'आजीवन अध्ययन आणि विस्तार विभाग' आहे, महाविद्यालयांचं, विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या तिसऱ्या निकषाच्या नावातही संशोधनासोबत विस्तार आहेच. त्याआधीचा शब्द 'बहिःशाल', म्हणजे विद्यापीठाच्या भिंतीबाहेरचं शिक्षण. मला तो फार आवडतो, पण हल्ली पोरं त्यातला विसर्ग गिळतात.

शिवारकर: मास्तर, विस्तार हा शब्द खरा नांदतो तो कृषी विद्यापीठांत. राहुरी, अकोला, परभणी, दापोली, चारही ठिकाणी विस्तार शिक्षण संचालकाचं पद आहे. आम्ही शेवटच्या वर्षाला 'रावे'साठी, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी, गावात राहिलो. मुलं 'कृषिदूत', मुली 'कृषिकन्या'. पहिल्याच आठवड्यात ग्रामपंचायतीसमोर रांगोळीने गावाचा नकाशा काढायचा: ओढा निळा, रस्ते पांढरे, विहिरी ठिपक्यांनी. आमचा ओढा चुकीच्या अंगाला वळला होता. एका आजींनी पायानेच पुसला आणि म्हणाल्या, 'इकडनं न्या, आणि ही हीर आटली, ती कशाला दाखवता?' पुढे बीजप्रक्रिया, निंबोळी अर्क, सगळी प्रात्यक्षिकं झाली, पण गावाला आम्ही आठवतो ते त्या नकाशामुळे. याला मी सहभाग म्हणेन. नुसता विस्तार म्हटलं की ज्ञान आमच्याकडे आणि ते पसरवायचं तुमच्याकडे, असा वास येतो.

निवृत्त मास्तर: वास शब्दाला नाही, राबवणाऱ्याला असतो. विभागीय संशोधन व विस्तार सल्लागार समितीत शेतकऱ्यांच्या अडचणी शास्त्रज्ञांपुढे येतात. म्हणजे वाट दुहेरी आहे, नाव जुनंच.

नागपूरकर: आणि ते 'दत्तक गाव'? केंद्र सरकारच्या उन्नत भारत अभियानात शिक्षणसंस्थेने निदान पाच गावं निवडायची असतात, लगेच सगळीकडे 'दत्तक घेतली'. दत्तकाला विचारतं कोण? वेशीवर फलक लागतो, झाडू हातात घेऊन फोटो निघतो, जिओटॅग झाला की नॅकच्या फाइलीत. गावाला पत्ता नसतो की आपल्याला कोणी दत्तक घेतलंय! 'संलग्न गाव' किंवा सरळ 'आम्ही काम करतो ती गावं' लिहा.

पुणेकर: 'सामाजिक बांधिलकी' चालेल का?

नागपूरकर: भाषणात चालेल. अहवालात नको, तो शब्द ऐकला की श्रोते घड्याळ बघतात.

निवृत्त मास्तर: एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजनेची) आठवण कोणी काढली नाही म्हणून सांगतो. २४ सप्टेंबर १९६९, गांधी जन्मशताब्दीचं वर्ष, ३७ विद्यापीठांत सुरुवात. शब्द घेतला 'सेवा'. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर. सेवा म्हटलं की देणारा वर, घेणारा खाली, हा आक्षेप मला मान्य आहे. पण 'श्रमदानाला जातो' हे पोरांना कळायचं. 'एंगेजमेंटला जातो' म्हटलं तर घरचे विचारतील, कुणाच्या?

धागाकर्ती: 😄 मग असं करते. विभागाचं आणि निकषाचं नाव असेल तिथे 'विस्तार'. श्रेयांकाच्या (क्रेडिटच्या) विषयाला, अभ्यासक्रमात छापलंय तेच, 'समुदाय सहभाग'. 'कटिबद्ध' असलेल्या वाक्यांत मात्र नामच काढून टाकते आणि कोणत्या गावात कोणी काय केलं आणि गावाने काय सांगितलं, ते लिहिते. मूळ अहवालात ही माहिती तीनच ठिकाणी सापडतेय, बाकीची विभागाकडे मागितली आहे.

शिवारकर: ती आली की 'राबविण्यात आले' किती वेळा येतं तेवढं मोजा.