कॉकटेल आणून चार दिवस झाले: फुत्कारतो, रात्री फडफडतो, फक्त सूर्यफूल खातो

टकमक:
चार दिवसांपूर्वी कॉकटेल (तुरेवाला छोटा पोपट, cockatiel) आणला. दुकानदार म्हणाला तीन महिन्यांचा आहे. राखाडी अंग, केशरी गाल. पिंजरा गोल, घुमटाचा, दीड फूट उंच, हॉलच्या खिडकीत टांगलाय. हात जवळ नेला की तुरा चपटा करून फुत्कारतो. मिक्स दाण्यातलं सूर्यफूल तेवढं वेचतो. काल रात्री दोन वाजता अंधारात इतका फडफडला की पंखातून थोडं रक्त आलं, मग थांबलं. मुलं 8 आणि 12 वर्षांची, त्यांना तो खांद्यावर हवाय. शेजारच्या काकू म्हणतात, हिरवा पोपटच आणायचा, बोलतो तरी. कुठून सुरुवात करू?

दाणापाणी:
पिंजऱ्यापासून. घुमटाच्या टोकाशी गज जवळ येत जातात, त्या फटीत बोट किंवा चोच अडकते. शिवाय गोल पिंजऱ्यात पाठ टेकायला कोपरा नाही, म्हणून भित्रा पक्षी आणखी बिथरतो. चौकोनी घ्या, तिन्ही बाजूंनी किमान 2 फूट. आडवा लांब मिळाला तर अजून चांगला, कारण तो वर नाही, आडवा उडतो. गजांमधलं अंतर 12 ते 15 मिमी. जास्त असलं तर डोकं बाहेर घालतो आणि अडकतो. जस्ताचे पांढरे पापुद्रे सुटणारी जाळी नको, ते चोचीने खरवडून खातो आणि विषबाधा होते. वाटीची वर सरकणारी झडप हे पक्षी आठवड्याभरात उघडायला शिकतात, तिला कपड्यांचा चिमटा लावून टाका.

दुकानातल्या एकाच जाडीच्या गुळगुळीत दांड्यांनी तळव्याला घट्टे पडतात, पुढे जखमा होतात. पेरूच्या, औषध न फवारलेल्या फांद्या धुऊन, उन्हात वाळवून लावा, काही करंगळीएवढ्या तर काही अंगठ्याएवढ्या जाड. कण्हेर अजिबात नको, विषारी आहे.

पिंजरा खिडकीतून काढा. दुपारचं ऊन, कावळे आणि मांजर तिघेही तिथेच येतात. एक बाजू भिंतीला, उंची तुमच्या छातीएवढी. सकाळचं कोवळं ऊन 15-20 मिनिटं द्या, पण काचेतून नको, अर्धा पिंजरा सावलीत हवा आणि तुम्ही शेजारी हवेत.

रात्रीची फडफड ही या जातीची खोडच आहे. गाडीचा दिवा, पाल, उंदीर, काहीही पुरतं. काळोखात दिसत नाही, म्हणून तो गजांवर आदळत राहतो. झिरोचा बल्ब चालू ठेवा, तीन बाजूंनी सुती कापड टाका, समोरची उघडी. झोपताना झोका आणि मधली खेळणी काढून घ्या. पुन्हा फडफडला तर दिवा लावून हळू बोला, हात आत घालू नका. झोप 10 ते 12 तास लागते. हॉलमध्ये अकरापर्यंत टीव्ही असेल तर रात्री पिंजरा दुसऱ्या खोलीत हलवा.

रक्त बहुधा नव्या, वाढत्या पिसाचं असावं. त्यात रक्त वाहत असतं. पुन्हा आलं तर कॉर्नफ्लोर लावून स्वच्छ कापसाने दोन-तीन मिनिटं दाबा. थांबलं नाही तर पक्ष्यांच्या डॉक्टरकडे. घरी पीस उपटायला जाऊ नका.

कोरांटी:
काकूंना सांगा, कंठीवाला हिरवा पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बाजारात उघड मिळतो म्हणून कायदेशीर होत नाही. कॉकटेल आणि बजी (आपल्याकडे ज्याला लव्हबर्ड म्हणतात तोच) परदेशी आहेत आणि त्यांना नोंदणी लागत नाही. आफ्रिकन ग्रे, मकाव, सन कोन्युअर हे पोपट घेतलात तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

आता सूर्यफूल. त्यात चरबी फार, म्हणून ते फक्त बक्षीस, दिवसाला चार-पाच दाणे. रोजच्या वाटीत राळा, बाजरी आणि कॅनरी सीड, एकूण दीड-दोन मोठे चमचे (टेबलस्पून). वाटी भरलेली दिसते आणि पक्षी उपाशी असतो, हे नवख्यांकडे हमखास होतं: वर नुसती टरफलं असतात. रोज फुंकर मारून बघा.

नुसत्या दाण्यावर अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडतं. सकाळी दाणे घालण्याआधी किसलेलं गाजर, कोथिंबीर, शेवग्याची पानं किंवा मोड आलेले मूग द्या, दोन तासांत उरलेलं काढा. आठवडाभर ढुंकून पाहणार नाही, तरी देत राहा. पानांची जुडी गजाला टांगली तर चोच लवकर घालतो. समुद्रफेनाचा (कटलबोन, कॅल्शियमसाठी) एक तुकडा कायम अडकवलेला असावा. अॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण, खारट फरसाण बंद, सफरचंदाच्या बिया काढूनच.

बोटावर बसू लागला की किचनच्या डिजिटल काट्यावर रोज सकाळी खाण्याआधी वजन करा. साधारण 80 ते 110 ग्रॅम असतं. दहा टक्के घटलं की वाट बघू नका, हे पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतात.

सांजवेळ:
पिंजऱ्याबाहेर सोडण्याआधी सीलिंग फॅन बंद, आणि बंद म्हणजे पाती थांबेपर्यंत. रेग्युलेटरवर चिठ्ठी लावा, मुलं विसरतात. काचेवर पडदा, कमोडचं झाकण खाली, पाण्याची बादली झाकलेली. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर निघणाऱ्या धुराने शेजारच्या खोलीतला पक्षीही मिनिटांत मरू शकतो. मच्छर कॉइल, उदबत्ती, धूप, फवारे त्याच्या खोलीत नकोत.

पंख कापून घ्या असं दुकानदार सांगेल. मी विरोधात आहे. एवढ्या लहान पिल्लाला आधी उडायला आणि उतरायला येऊ द्या, नाहीतर छातीवर आपटतो.

दाणापाणी:
इथे थोडं वेगळं मत. ज्या घरात फॅन आणि दार यांवर कुणाचा ताबा नाही, तिथे डॉक्टरकडून हलकी छाटणी परवडते. घरी कात्री नको.

टकमक:
आणि खांद्यावर कधी?

सांजवेळ:
अजून दोन-तीन दिवस फक्त जवळ बसा, हात आत नाही. मग राळ्याचं कणीस गजातून धरा. घेऊ लागला की दारातून, मग तळहातावर. त्यानंतर बोट पोटाखाली, पायांच्या जरा वर, हलकं टेकवा. दोनदा दहा-दहा मिनिटं, रोज. तुरा चपटा आणि फुत्कार म्हणजे ‘मागे व्हा’, तेव्हा मागे व्हायचंच. मुठीत पकडलात तर आठवड्याची मेहनत वाया. धाकट्याने आधी कणीस धरण्यापुरतंच करावं.

खेळणी विकत घ्यायची घाई नको. खराट्याचे हीर, करवंटीचा तुकडा, कागदाच्या पुडीत गुंडाळलेले दोन दाणे. तीन-चार ठेवा, आठवड्याने बदला. दोऱ्याची खेळणी मात्र टाळा: सुटलेल्या धाग्यात नख अडकतं, आणि गिळला तर पोटात गोळा होतो.