कुत्र्याची ‘उलटी’ की ‘गुळणी’?

कानामात्रा: रिगर्जिटेशनला (खाल्लेलं जोर न लागता अन्ननलिकेतूनच परत बाहेर पडणं) मराठीत काय म्हणावं? कुत्र्यांच्या अन्ननलिकेच्या आजारांवरचं पत्रक मराठीत करायचंय. वमन, वांती, ओकारी सापडले, पण ते सगळे उलटीचेच.

पोटोबा: ‘गुळणी’. तान्हं बाळ दुधाची गुळणी टाकतं, तीच क्रिया. ओकारीआधी मळमळ असते. कुत्रा ओठ चाटतो, लाळ गाळतो, मग पोट आतबाहेर होऊन उमासे येतात. पडतं ते आंबूस, कधी पित्ताने पिवळं. गुळणीत जोर नाहीच. मान खाली जाते आणि पोळीचा लांबुळका गोळा फेसासकट जसाच्या तसा लादीवर. जठरापर्यंत पोचलेलाच नसतो, मग पित्त कुठून येणार? वेळेवरून मात्र ठरवू नका. सैल अन्ननलिकेत अन्न तासन्‌तास पडून राहतं.

शब्दभेद: गुळणी म्हणजे मिठाच्या पाण्याची ना? त्यापेक्षा ‘रवंथ’?

पोटोबा: गुळण्या ‘करतात’ आणि गुळणी ‘टाकतात’, क्रियापदच घोटाळा सोडवतं. रवंथ गायीम्हशींचा. कुत्रा पडलेलं पुन्हा खातो खरा, पण तो हावरटपणा.

परळटीटी: परळचं बैलघोडा हॉस्पिटल (जनावरांचं) असो की गल्लीतला दवाखाना, ‘उलटी होते’ म्हटलं की तपास पोटाकडे वळतो. गुळणी म्हटलं की छातीचा एक्स-रे आधी. शिवाय उलटी थांबवायच्या गोळीने गुळणी थांबत नाही. शब्द सुचला नाही तर मोबाइलवर व्हिडिओ दाखवा.

कानामात्रा: मेगाइसोफेगस, म्हणजे अन्ननलिका फुगून ढिली पडण्याचा आजार = महाअन्ननलिका?

परळटीटी: महापालिकेचं खातं वाटतं! ‘सैल अन्ननलिका’ बरं, कारण स्नायू आवळत नाहीत हाच दोष. जन्मजात प्रकार जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन, आयरिश सेटर, लॅब्रॅडॉर, मिनिएचर श्नाउझर यांत जास्त. पण शेफर्ड आणि सेटरच्या पिल्लांत दुसरंही एक असतं: महाधमनी उजवीकडून वळते आणि अन्ननलिकेभोवती कडं पडतं. त्याला ‘सैल’ नको, ‘फास’ म्हणा. दूध उतरतं, घट्ट खाणं सुरू झालं की गुळण्या सुरू. हा फास शस्त्रक्रियेने सोडवता येतो.

पोटोबा: सैल अन्ननलिकेच्या कुत्र्यासाठी ‘उंचावर ताटली ठेवा’ असंही लिहू नका, तेवढं पुरत नाही. ‘उभं धरून भरवा’ लिहा: पुढचे पाय वर, पाठ सरळ, खाल्ल्यावरही २०-३० मिनिटं तसंच. पाणीसुद्धा असंच. कुणाला पेज उतरते, कुणाला गोळे. दोन्ही करून बघावं लागतं. गुळणी श्वासनलिकेत गेली तर न्यूमोनिया, तेव्हा खोकला, ताप, धाप यांना ‘ठसका लागला’ म्हणून सोडू नये.

शब्दभेद: आणि ‘घशात हाड अडकलं’?

परळटीटी: बहुतेकदा घसा नसतोच तो. छातीच्या तोंडाशी, हृदयाच्या वर किंवा छाती-पोटामधल्या पडद्यापाशी अडकतं. ‘घसा’ म्हटलं की लोक भाताचा गोळा नाहीतर केळं भरवून हाड खाली ढकलू पाहतात. अन्ननलिका फाटते ती तिथे. ‘छातीत हाड अडकलं’ असंच लिहा.