टाइमचा ऑपरेटर कुठे अडतो?

क्वांटम मेकॅनिक्समध्ये पोझिशनला ऑपरेटर (मोजता येणाऱ्या राशीचं गणिती रूप) आहे तर टाइमलाही असायलाच हवा असं काही जण म्हणतात, रिलेटिव्हिटीच्या बाजूने बघितलं तर (तिथे जागा आणि वेळ एकाच पातळीवर असतात) ते पटतंही, पण घोडं कुठे अडतं ते बघा. पोझिशनचं मोमेंटमशी जसं नातं आहे तसंच हॅमिल्टोनियनशी (एनर्जीच्या ऑपरेटरशी) असणारा टाइमचा सेल्फ-अ‍ॅडजॉइंट (रीतसर मोजमापाला लागतो तसा) ऑपरेटर धरला, तर त्याच्या जोरावर कुठल्याही स्टेटची एनर्जी हवी तेवढी वरखाली सरकवता येते, म्हणजे एनर्जीला तळच उरत नाही, मग हायड्रोजनचा अणू टिकणार कसा? हा भौतिकशास्त्रज्ञ पाउलीचा आक्षेप, १९३३ चा.

पण म्हणून टाइम मोजताच येत नाही असं नाही हं. एनर्जी आणि वेळ यांच्या अनिश्चिततेच्या नात्यावरून (डेल्टा ई डेल्टा टी) जो वाद होतो, त्यातला डेल्टा टी म्हणजे घड्याळाची चूक नव्हे. मँडेलश्टाम आणि टाम या भौतिकशास्त्रज्ञांनी १९४५ मध्ये लावलेला अर्थ मला सगळ्यात पटतो, एखाद्या ऑब्झर्व्हेबलची (मोजता येणाऱ्या राशीची) सरासरी त्याच्या स्प्रेडएवढी (मोजमापातल्या विखुरण्याएवढी) सरकायला लागणारा वेळ.

आणि प्रयोगाचं म्हणाल तर टोरांटोत भौतिकशास्त्रज्ञ स्टाइनबर्गच्या ग्रुपने अतिथंड रुबिडियम अणू लेसरच्या १.३ मायक्रॉनच्या भिंतीतून टनेल करवले (पुरेशी एनर्जी नसतानाही पलीकडे जायला लावले), स्पिन (अणूची चुंबकासारखी दिशा) फक्त भिंतीत असतानाच फिरेल अशी सोय केली, आणि पलीकडे आलेल्यांचा स्पिन किती फिरलाय त्यावरून आतला वेळ काढला, ०.६१ मिलिसेकंद (२०२० चा पेपर). म्हणजे मोजला स्पिन, जो रीतसर ऑब्झर्व्हेबल आहे, वेळ त्यावरून निघाला. अरायव्हल टाइमचं (कण एखाद्या जागी कधी पोहोचतो याचं) मात्र अजून एकमत नाही, तिथे पीओव्हीएम (मोजमापाचं जास्त सैल गणित) वापरतात ज्यात वेगवेगळ्या वेळांच्या स्टेट्स एकमेकींना ऑर्थोगोनल नसतात (म्हणजे पूर्णपणे वेगळ्या ओळखता येत नाहीत), त्यावर कुणी सविस्तर लिहिलं तर वाचायला फार आवडेल.