मदत हवी आहे: हॅटवर पहिल्या बोर्डात प्रोग्राम जातो, दुसऱ्यापासून अडतं

म्हापसेकर: नरकासुराच्या पुतळ्याचे डोळे, जबडा, हात हलवायला आठ बोर्ड केलेत. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर स्वतः केलेली हॅट, म्हणजे वर बसणारा बोर्ड, तिच्यावर आठ सॉकेट. एव्हीआरड्यूडने (चिपमध्ये प्रोग्राम लिहिणारं सॉफ्टवेअर) पहिला बोर्ड झकास होतो, दुसऱ्याला सिग्नेचर, म्हणजे चिपची ओळख, सगळी शून्यं. पाय बदलून झाला. चतुर्दशीला चार दिवस उरलेत. कोणीतरी लवकर सांगा.

डिचोलीचा: चिप कुठली? व्होल्टेज? रीसेट, म्हणजे चिप थांबवून धरणाऱ्या तारा, कसे जोडलेत? आम्ही काय कौल लावून सांगायचं?

म्हापसेकर: एटमेगा३२८पी, आणखी कुठली असणार! रीसेट प्रत्येकाचा वेगळा, बाकी तारा सामायिक. ५ व्होल्ट.

डिचोलीचा: ५?? पायच्या पिना ३.३ च्या आहेत. मिसोवरून, म्हणजे चिपकडून पायकडे येणाऱ्या तारेवरून, ५ आले तर पाय जळेल.

म्हापसेकर: ५ सर्वोंना हो, हलवणाऱ्या मोटरींना. चिपना ३.३ च.

वेर्णा_नाइटशिफ्ट: हॅट काढून फेका. यूएसबी हब घ्या, चिपमध्ये ऑप्टीबूट (केबलवरून प्रोग्राम घेणारा बूटलोडर) घाला, आठही एकदम. मी कायम असंच करतो.

डिचोलीचा: आणि कोऱ्या चिपमध्ये ऑप्टीबूट कशाने घालणार? आयएसपीनेच, म्हणजे याच तारांनी ना?

वेर्णा_नाइटशिफ्ट: एकदाच घालायचं असतं ते. उगाच वाद नको.

सावर्ड्याची_ताई: सर्वो थरथरत असतील तर सप्लायला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा.

म्हापसेकर: ताई, सर्वो अजून जोडलेच नाहीत.

पेडण्याचो: पहाटे जाळायचाच ना तो? बोर्ड आधी काढा रे. आमच्या वाड्यावर एकदा मोटरीसकट पेटवला होता.

म्हापसेकर: मुद्द्यावर या. पहिला बोर्ड नक्की ठीक आहे, झाल्याझाल्या त्याचा एलईडी लुकलुकतो.

डिचोलीचा: एलईडी १३ नंबरच्या पिनवर?

म्हापसेकर: हो. का?

डिचोलीचा: १३ म्हणजेच एससीके, क्लॉकची पिन! पहिल्याचा रीसेट सुटला की त्याचा प्रोग्राम चालू होतो आणि सामायिक क्लॉकची तार तोच ओढत बसतो. दुसऱ्याला क्लॉक मिळणार कुठून? आठही बोर्डांत कोड एकच ना?

म्हापसेकर: एकच. बोर्डाचा नंबर त्यावरच्या जंपरवरून वाचतो.

डिचोलीचा: मग सोपं आहे, म्हापसेकरबाब. आठांचे रीसेट एकत्र बांधा. रीसेटमध्ये असताना चिप पिना सोडून देते, त्यामुळे भांडण नाही. मोसी (पायकडून चिपकडे जाणारी तार), एससीके सामायिकच ठेवा, फक्त मिसो प्रत्येकाचा वेगळा. सामायिक ३ आणि मिसो ८ मिळून ११ पिना, पायकडे २८ आहेत. सगळ्यांत एकदम लिहा, तेव्हा एव्हीआरड्यूडला उणे मोठा व्ही (-V) देऊन पडताळणी बंद. मग त्याच्या कॉन्फिगमध्ये आठ मिसोंच्या आठ नोंदी करून एकेकाची पडताळणी. आणि प्रत्येक सॉकेटच्या एससीकेत ४७० ओहम घाला, नाहीतर रीसेट सुटल्यावर आठजण एकमेकांशी झगडतील.

वेर्णा_नाइटशिफ्ट: एवढ्यात हबवर होऊन गेलं असतं.

म्हापसेकर: (रात्री १:४०) सात पास! सहावा नापास झाला, त्याच्या मिसोला सोल्डरच नव्हतं. देव बरें करूं. ताई, सर्वो आता जोडले. थरथरतायत. कपॅसिटर कुठे लावायचा?