आरपीजीचा दुसरा भाग: इन्व्हेंटरी काढायची का? आणि नायकाला आवाज द्यायचा का?

निशाचर:
मंडळी, 'मास इफेक्ट' या आरपीजीचे (म्हणजे आपलं पात्र घडवत, निर्णय घेत खेळायच्या गेमचे) तिन्ही भाग सलग खेळले आणि एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. पहिल्या भागात (२००७) सामानाचा ढीग. १५० वस्तूंची मर्यादा भरली की बसा एकेक वस्तू ओम्नी-जेल नावाच्या लगद्यात वितळवत. दुसऱ्यात (२०१०) इन्व्हेंटरी, म्हणजे जवळच्या सामानाची यादीच गायब. तिसऱ्यात (२०१२) कुऱ्हाड संवादांवर: मधला, तटस्थ पर्याय बहुतेक ठिकाणी उडवला, आणि नायक शेपर्ड कितीतरी वेळा मला न विचारता बोलून मोकळा होतो.

विचारायचं कारण, आम्ही दोघं मित्र आमच्या छोट्या आरपीजीचा दुसरा भाग लिहितोय. पहिल्या भागावर सगळ्यांची तक्रार एकच, 'सामान आवरण्यातच वेळ जातो'. मग इन्व्हेंटरी काढूनच टाकावी का? आणि नायकाला आवाज दिला तर संवाद कमी करावेच लागतात का?

धुळीचा_रस्ता:
काढून टाका. मी गोष्टीसाठी खेळतो, याद्या लावायला नाही.

जुनी_तलवार:
थांबा, एवढ्यात काढू नका.

'मास इफेक्ट'मध्ये वस्तू जास्त होत्या हा खरा त्रास नव्हता. त्यांच्यात निवडण्यासारखं काही नव्हतं, हा होता. त्याच रायफलची सहा नंबरची आवृत्ती हाती आली की पाच नंबरची टाकाऊ. याला निवड म्हणत नाहीत. तिसऱ्या भागाने यावर फार सुंदर उत्तर काढलं, आणि त्याचं पुरेसं कौतुक होत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. प्रत्येक बंदुकीला वजन दिलं. वजन जितकं जास्त, तितक्या तुमच्या शक्ती पुन्हा वापरायला उशीर. त्यामुळे एकच पिस्तूल घेऊन निघालेला शेपर्ड आणि पाठीवर हत्यारं लादलेला शेपर्ड लढतात वेगळे, वागतात वेगळे. वस्तू मोजक्या, पण उचलताना विचार करावा लागतो.

उलट 'ड्रॅगन एज २' (२०११) बघा. सोबत्यांची चिलखतं बदलताच येत नाहीत, पण लुटीत चिलखतं मिळत राहतात. जे नायक हॉकच्या कामाचं नाही ते सरळ विकायचं. लूट ठेवली आणि तिचा उपयोग काढून घेतला, यापेक्षा ती मुळातून काढलेली परवडली. 'ड्यूस एक्स: इनव्हिजिबल वॉर'ने (२००३) सगळ्या हत्यारांना एकच दारूगोळा दिला होता. तो संपला की सगळ्या बंदुका एकदमच मुक्या.

आता आवाज. हो, संवाद कमी होतात. नायक पुरुष किंवा स्त्री असू शकत असेल तर प्रत्येक ओळ दोनदा रेकॉर्ड करायची, आणि एकदा रेकॉर्ड झाली की लेखक ती बदलायला धजत नाही. 'फॉलआउट ४'ने (२०१५) चार बटणांवर चार पर्याय बसवले. पडद्यावर दोन-तीन शब्द, नायक प्रत्यक्षात काय बोलणार याचा पत्ता नाही. पूर्ण वाक्य दाखवणारा मॉड (चाहत्यांनी गेममध्ये केलेला बदल) इतका लोकप्रिय झाला तो उगाच नाही. त्याआधीच्या 'फॉलआउट: न्यू वेगास'मध्ये (२०१०) कौशल्य कमी पडत असेल तर पर्यायाचं वाक्यच वेगळं, अडखळत लिहिलेलं असतं. माझं पात्र कशात कच्चं आहे ते मला त्याच्याच तोंडून कळतं. हे लिहायला फक्त लेखक लागतो, स्टुडिओ नाही.

मुक्ता_खेळते:
तलवारदादा, 'ड्रॅगन एज २'वर जरा अन्याय झाला. त्यात प्रत्येक पर्यायाशेजारी सुराचं चिन्ह आहे, मवाळ, मिश्कील की कडक. आणि तुम्ही जास्त वेळा जो सूर निवडता, त्याच सुरात हॉक न विचारता येणाऱ्या ओळीही बोलतो. माझी हॉक मिश्कील होती, आणि गंभीर प्रसंगात ती तशीच बोलली तेव्हा वाटलं, हो, ही माझीच आहे. शेपर्ड परस्पर बोलतो तेव्हा मला तसं वाटत नाही.

निशाचर:
मुक्ता, हे फार कामाचं सांगितलंस. पण आवाजाशिवाय गेम जुनाट वाटेल ही भीती आहेच.

मुक्ता_खेळते:
'बाल्डर्स गेट ३' (२०२३) आठव. संवादात नायक जवळपास मुका, पर्यायाची पूर्ण ओळ समोर, आणि बाकी सगळे बोलतात. कोणाला जुनाट वाटला?

जुनी_तलवार:
मुक्ता, सुराचं मान्य. चिलखतांचं नाही.

निशाचर, 'बाल्डर्स गेट ३'मधूनच आणखी एक घ्या: कुठूनही वस्तू थेट तळावर पाठवता येते. आवराआवरीची निम्मी तक्रार तिथेच मिटेल. मग उरलेल्या यादीतली प्रत्येक वस्तू हातात घ्या आणि विचारा, हिच्यामुळे खेळणारा काही वेगळं करेल का? नाही म्हणालात तर ती काढा.